एकच स्टेडियम, आठ वर्षांचं अंतर: कृष्णवर्णीय रॉक आणि समोरचं पब्लिक

सहा_तारा

लॉस एंजेलिसचं मेमोरियल कोलिझियम, ९ ऑक्टोबर १९८१. रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम, मैदानात नव्वद हजारांच्या आसपास लोक. सगळ्यात आधी कृष्णवर्णीय गायक-गिटारवादक प्रिन्स, त्याच्यामागून जॉर्ज थरोगुड, मग जे. गाइल्स बँड, शेवटी स्टोन्स. प्रिन्सच्या अंगात लांब ट्रेंचकोट आणि आत जवळजवळ फक्त चड्डी. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत हुर्यो सुरू झाली, बाटल्या आणि खाण्याच्या वस्तू स्टेजवर येऊ लागल्या. तो स्टेज सोडून गेला आणि थेट मिनिआपोलिसला पोचला. समजूत काढून परत आणला, तर ११ तारखेला पुन्हा तोच प्रकार.

ऑक्टोबर १९८९. तेच मैदान, पुन्हा स्टोन्सच. आधी वाजवणाऱ्यांत गन्स अँड रोझेस आणि लिव्हिंग कलर. लिव्हिंग कलरमधले चौघेही कृष्णवर्णीय. त्यांचा गिटारवादक व्हर्नन रीड याने तिथेच माइकवरून गन्स अँड रोझेसच्या एका गाण्यातल्या वंशद्वेषी शब्दांवर जाहीर बोलून घेतलं. त्यांना कुणी पळवून लावलं नाही.

मधल्या आठ वर्षांत काय बदललं, हा या धाग्याचा विषय. गोरं पब्लिक एकाएकी सुधारलं, हे काही मला पटत नाही. मैदानात येणारा माणूस घरातूनच चाळून निघालेला असतो आणि ती चाळणी रेडिओ, दुकानातली मांडणी आणि विक्रीच्या याद्या मिळून लावतात, असं माझं मत.

याद्यांपासून सुरू करू. बिलबोर्ड साप्ताहिकाने काळ्या वस्त्यांत खपणाऱ्या रेकॉर्डींची वेगळी यादी १९४२ मध्ये 'हार्लेम हिट परेड' नावाने काढली (हार्लेम ही न्यूयॉर्कची काळी वस्ती). १९४५ पासून ती 'रेस रेकॉर्ड्स' झाली, जून १९४९ मध्ये 'रिदम अँड ब्लूज'. नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत मात्र ही यादी चक्क बंद होती, कारण तिच्यातली आणि पॉपच्या यादीतली नावं फार सारखी व्हायला लागली होती. म्हणजे वर्षभर का होईना, दोन बाजारांतली भिंत कागदावर तरी नव्हती. नंतर यादी परत आली, १९६९ मध्ये तिचं 'सोल' झालं आणि १९८२ मध्ये सरळ 'ब्लॅक'.

दुसरा टप्पा एफएमचा. साठच्या दशकाच्या शेवटी एफएमवर निवेदक मनाला येईल ते लावायचे, एकाच तासात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, स्लाय स्टोन, ओटिस रेडिंग हे काळे कलाकार आणि गोरे ग्रेटफुल डेड. सत्तरीत सल्लागार आले. ली अॅब्रम्सचा 'सुपरस्टार्स' हा त्यातला सगळ्यात यशस्वी साचा. अल्बम विकत घेणाऱ्यांकडे चौकशी करायची, कुणाला काय आवडतं ते मोजायचं, जे एखाद्या गटाला खटकेल ते वगळायचं. जाहिरातदारांना तरुण गोरे पुरुष हवे होते, म्हणून मोजणीही त्यांचीच. त्यातून 'रॉक' स्टेशनवर काळ्या माणसाच्या नावाने जवळजवळ फक्त हेंड्रिक्स उरला, आणि तोही १९७० मध्ये वारलेला.

मग १२ जुलै १९७९, शिकागोचं बेसबॉलचं मैदान कोमिस्की पार्क. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या, दोन सामन्यांच्या मध्ये ढीग स्फोटाने उडवू, अशी एका रॉक स्टेशनची जाहिरात. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द करून पाहुण्या संघाला बहाल करावा लागला. त्या दिवशी तिथे जागा दाखवायच्या कामावर असलेला व्हिन्स लॉरेन्स, जो पुढे हाउस (क्लबातलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक) संगीतातला निर्माता झाला, त्याने नंतर सांगितलं की ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डीही भरपूर होत्या.

आणि १ ऑगस्ट १९८१ ला गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही सुरू झालं, त्याच रॉक रेडिओचा साचा टीव्हीवर घेऊन. कोलिझियमच्या जेमतेम दोन महिने आधी. प्रिन्ससमोर कोण उभं होतं ते आता लक्षात येईल.

दांडीबहाद्दर

चड्डी घालून स्टोन्सच्या गर्दीसमोर गेल्यावर गोऱ्यालाही बाटल्याच पडल्या असत्या. सगळीकडे वर्णद्वेष शोधायची गरज नाही.

रेडिओवाली

दांडीबहाद्दर, स्टोन्सचा गायक मिक जॅगर त्याच स्टेजवर घट्ट विजारीत नाचत होता आणि स्टोन्सचं अर्धं भांडवल तेच होतं. मात्र तुमच्या म्हणण्यात तथ्य इतकंच की नुसत्या रंगाने उलगडा होत नाही. रंग, समलिंगी वाटेल असा पेहराव आणि 'डिस्को'सारखा वाटणारा कीबोर्ड, तिन्ही एकदम आलं. १९७९ नंतरच्या त्या पब्लिकच्या डोक्यात ही तीन वेगळी प्रकरणं नव्हतीच.

आवाजाची बाजूही बघायला हवी, ती कुणी बोलत नाही. प्रिन्सच्या बँडमध्ये दोन कीबोर्ड (लिसा कोलमन आणि डॉ. फिंक), डेझ डिकरसनची गिटार, बॉबी झीचे ड्रम्स आणि नुकताच आलेला बेसवादक ब्राउन मार्क. सगळा डोलारा सोळाव्या भागाच्या (एका ठोक्याच्या चतुर्थांशाच्या) नेमकेपणावर. आता मोठ्या मैदानाचं गणित करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० मीटरवरच्या गॅलरीवर आपटून परत येणारा आवाज जवळपास ०.६ सेकंदाने कानावर पडतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळावा भाग ०.१२५ सेकंदाचा, म्हणजे परतणारा प्रतिध्वनी पाच खटके मागचा. फंकचं (काळ्यांच्या तुटक ठेक्याच्या नाचाच्या संगीताचं) बारीक काम त्यात कालवलं जातं. थरोगुडसारखं जाड, सरळ बूगी टिकतं, कारण त्यात दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा असते.

शिवाय पहिल्या बँडला मुख्य बँडच्या सामानापुढची अरुंद पट्टी मिळते, साउंडचेक होईलच असं नाही, आणि दिवसाउजेडी प्रकाशयोजनेचा काही उपयोग नसतो. बाटल्यांचं समर्थन यातून होत नाही. पण लिव्हिंग कलर तिथे टिकले, त्याचं एक कारण रीडचे जाड डिस्टॉर्शनचे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे). मैदानाला ते पेलतात.

सहा_तारा

बरोबर. त्याहून मोठं कारण, लिव्हिंग कलर मैदानात पोचले तेव्हा त्यांचा व्हिडिओ लोकांनी आधीच पाहिला होता. मधली साखळी अशी. १९८३ च्या सुरुवातीला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच मुलाखतीत निवेदक मार्क गुडमनला विचारलं, काळे कलाकार इतके कमी का दिसतात? काळा फंक गायक रिक जेम्सही जाहीर तक्रार करत होता. त्याच वर्षी मायकल जॅक्सन दारातून आत आला, आणि रॉक स्टेशनांनी त्याचं जे गाणं लावलं त्यात सोलो एडी व्हॅन हेलनचा होता. ओळखीची गोरी गिटार हा पासपोर्ट. पाठोपाठ खुद्द प्रिन्स. १९८५ मध्ये न्यूयॉर्कला व्हर्नन रीड, टीकाकार ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांनी ब्लॅक रॉक कोअलिशन काढलं. 'काळा बँड रॉक वाजवतो, तो विकायचा कुठे' हे रेकॉर्ड कंपन्यांचं उत्तर ऐकून ऐकून काढलेली संघटना. तरीही लिव्हिंग कलरच्या डेमोवर निर्माता म्हणून जॅगरचं नाव लागलं आणि मगच पुढची दारं उघडली. १९८८ चा पहिला अल्बम कित्येक महिने रेंगाळत चढला, आणि १९९० मध्ये हार्ड रॉकचं ग्रॅमी.

जॅगरचं यात कौतुक आहेच. पण अर्ज भरायला गोरा जामीनदार लागतो, ही परिस्थिती १९५५ पासून फारशी हललेली नव्हती, हेही त्यातच दिसतं.

लेहरा

१९५५ चं म्हणताय तर काळा गायक-गिटारवादक बो डिडली याच्याशिवाय पान हलणार नाही. २० नोव्हेंबर १९५५, एड सलिव्हनचा टीव्ही शो. त्याने त्या वेळचं लोकप्रिय 'सिक्स्टीन टन्स' गायचं असं निर्मात्यांचं म्हणणं. प्रत्यक्ष प्रक्षेपणात त्याने स्वतःच्याच नावाचं गाणं वाजवलं. सलिव्हन संतापला आणि बो पुन्हा त्या कार्यक्रमात दिसला नाही. गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलेलं, पॉपच्या यादीत मात्र नाही.

आता त्याचा तो प्रसिद्ध ठेका. बहुतेक बँड तो चुकीचा वाजवतात. सोळा मात्रा मोजा, तीनतालाच्या सवयीने मोजलं तरी चालेल, फक्त ताल-खाली विसरा. आघात १, ४, ७, ११ आणि १३ वर. अंतरं ३, ३, ४, २, ४. मरॅकस म्हणजे खुळखुळे (वाजवणारा जेरोम ग्रीन) सोळाच्या सोळा भरतात, म्हणून बाकीच्यांना गाळायची मोकळीक मिळते. ड्रम्सवर हाय-हॅट आणि झांजा जवळजवळ बंद, सगळं टॉमवर (खोल आवाजाच्या ड्रमांवर).

बिघडतं कुठे? रॉक ड्रमरचा डावा हात सवयीने स्नेअरला (करकरीत आवाजाच्या ड्रमला) ५ आणि १३ वर जातो. १३ वरचा खपून जातो, कारण तिथे आघात आहेच. ५ वरचा पडला की ठेका मेला, कारण ४ आणि ७ च्या मधली पोकळी तिथेच असते. दुसरी चूक, ११ आणि १३ मधलं अंतर ओढून ताणून आधीच्यासारखं तीनचं करणं.

गिटार ओपन ई मध्ये, म्हणजे पडदा न दाबता तारा छेडल्या की ई कॉर्ड वाजेल अशी जुळवणी. जाड तारेकडून बारीककडे ई-बी-ई-जी शार्प-बी-ई. त्यासाठी पाचवी आणि चौथी तार एकेक पूर्ण स्वर वर, तिसरी अर्धा स्वर वर चढवावी लागते. जुनी मान असेल तर ताण वाढतो, तिसरी तार तुटते. सुरक्षित मार्ग, ओपन डी करा (सहावी, दुसरी, पहिली पूर्ण स्वर खाली, तिसरी अर्धा) आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पट्टी) लावा. ट्रेमोलो (आवाज तालात कमी-जास्त करणारं यंत्र) त्याचा डीआर्मंडचा. आत मोटर, ती विद्युतवाहक द्रवाची छोटी डबी हलवते आणि सिग्नल तालात गळतो. हल्लीच्या पेडलवर वेग गाण्याच्या लयीला बांधा. १०० च्या लयीत आठव्या भागाला सेकंदाला साधारण ३.३ आवर्तनं. वेग भलताच ठेवला तर ट्रेमोलो आणि मरॅकस एकमेकांशी भांडतात.

त्याच्या बँडमध्ये गिटारवर बायका होत्या, आधी पेगी जोन्स, मग नॉर्मा-जीन वॉफर्ड. साठच्या दशकात गोऱ्या बँडांनाही ते फारसं सुचलेलं नव्हतं.

घाटमाथा

गायक-गिटारवादक चक बेरीचं कुणी लिहा की. त्याच्या गाण्यात नेमकं काळं काय आणि गोरं काय हे ठरवताना लोकांची तारांबळ उडाली होती ना?

काळी_पाच

उडाली होती खरी. मे १९५५ मध्ये चेस कंपनीसाठी शिकागोत रेकॉर्ड झालेलं 'मेबेलीन' मुळात 'आयडा रेड' या कंट्री गाण्यावर बेतलेलं. उच्चार स्वच्छ, गोष्ट मोटारींच्या शर्यतीची. रेडिओवर ऐकून कित्येकांना तो गोरा वाटला. नॉक्सव्हिलला आयोजकाने गडी दारात पाहिल्यावर त्याला स्टेजवर जाऊ दिलं नाही आणि ठरलेला कार्यक्रम दुसऱ्याच बँडने केला, असं बेरीने आत्मचरित्रात लिहिलंय. १९५८ च्या 'जॉनी बी. गुड' मध्ये त्याने नायकाला आधी 'कलर्ड' मुलगा म्हटलं होतं, मग 'कंट्री' मुलगा केलं, का तर रेडिओने लावावं म्हणून. अक्षरं बदलली पण पोराचं आयुष्य तेच राहिलं.

'मेबेलीन'च्या श्रेयात डीजे अॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांची नावं घुसवली होती. फ्रीड ती रेकॉर्ड वाजवणार, त्याची ती फी. पूर्ण श्रेय बेरीकडे १९८६ मध्ये आलं. पुढे तो रोख पैसे आधी मोजून घेतल्याशिवाय स्टेजवर का चढत नसे, हे यावरून समजून घ्या. करारात दोन फेंडर ड्युअल शोमन अँप (अॅम्प्लिफायर), बाकी बँड आयोजकाने स्थानिक द्यायचा. तालीम नाही, यादी नाही. सूर कुठला तेही सांगायचा नाही.

इथेच स्थानिक बँड तोंडावर पडायचे. गिटारवाले ए किंवा ई धरून बसतात, बेरीची गाणी मात्र बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमध्ये, कारण घडली ती जॉनी जॉन्सनच्या पियानोसोबत. बी फ्लॅटचा साथीचा नमुना असा: सहावी तार सहावा पडदा, पाचवी तार आठवा, आणि करंगळी त्याच तारेवर दहाव्याला नेऊन परत. पाच पडद्यांचा ताण. बेरीच्या गिब्सन ईएस-३५०टी ची तार फक्त साडेतेवीस इंची होती, त्यामुळे त्याला ते जमायचं. साडेपंचवीस इंची स्ट्रॅटवर (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) तेच तासभर केलं तर मनगट धरतं. अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवा, वरून डोकावू देऊ नका.

आणि लय. जुन्या रेकॉर्डीत ड्रम्स आणि पियानो झोका घेत शफल वाजवतात, बेरी त्यावर सरळ आठवे भाग ठोकतो. दोन्ही एकाच वेळी. सगळ्यांनीच सरळ वाजवलं तर चाल लष्करी होते, सगळ्यांनी झोका घेतला तर जुनाट ब्लूज. त्या घासण्यातच रॉक अँड रोल आहे, बाकी सब झूठ.

रेडिओवाली

+१. त्याच काळातला काळा गायक लिटल रिचर्ड याचा मुद्दाही घ्या. सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जे अँड एम स्टुडिओत 'टुटी फ्रुटी' झालं, ड्रम्सवर अर्ल पामर. गोरा गायक पॅट बून याने त्याची धुतली-पुसलेली आवृत्ती काढली आणि पॉपच्या यादीत ती मूळ गाण्याच्या वर गेली. पुढच्या गाण्याला निर्माता बम्प्स ब्लॅकवेलने मुद्दाम शब्द आणि वेग इतका वाढवला की बूनच्या जिभेला ते झेपू नये. बूनने तरी ते गायलंच, पण या वेळी रिचर्ड वर राहिला. पब्लिकला पर्याय दिला तर ते नेहमीच गोऱ्याकडे वळतं, हा समज या एका उदाहरणाने मोडतो. मूळ रेकॉर्ड दुकानात आणि रेडिओवर पोचली पाहिजे, एवढीच अट.

दक्षिणेतल्या सभागृहांत तेव्हा मधोमध दोर लावायचे, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे, किंवा एक गट खाली आणि एक सज्जात. १० एप्रिल १९५६ ला बर्मिंगहॅम, अलाबामा इथे गोऱ्यांसाठीच्या खेळात नॅट किंग कोलवर स्टेजवर चढून हल्ला झाला. कोल रॉक गात नव्हता, अगदी सोज्वळ माणूस. हल्ल्यामागची गोऱ्यांची संघटना मात्र रॉक अँड रोलविरुद्ध मोहीम चालवत होती. गाणं कुठलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

मंद्र

या सगळ्यांच्या आधी एक बाई उभी आहे. सिस्टर रोझेटा थार्प, जन्म १९१५, कॉटन प्लांट, आर्कान्सा. १९४४ मध्ये डेकासाठी सॅमी प्राइसच्या साथीने रेकॉर्ड केलेलं तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' पुढल्या वर्षी 'रेस' यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिगीत), पण गिटारचा सोलो ऐकलात तर बेरीची आठवण येईल, तीही दहा वर्षं आधी. तिला हुर्यो गोऱ्यांकडून नव्हे, चर्चकडून मिळाली. १९३८ मध्येच ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये देवाची गाणी गात होती, ते भाविकांना रुचलं नाही. आणि तरी १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये तिने लग्न लावलं तेव्हा तिकीट काढून वीस हजारांवर लोक आले. लग्नानंतर तिथेच मैफल.

मे १९६४ मधलं इंग्लंडचं मँचेस्टर तर बघाच. ग्रॅनडा टीव्हीने विल्ब्रॅहम रोडचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टेशनासारखं सजवलं. पोती, खोकी, कोंबड्या, बकऱ्या. एका फलाटावर कलाकार, समोरच्या फलाटावर गोरी कॉलेजची मुलं, मध्ये रूळ. पाऊस कोसळला, थार्पने पावसाचंच गॉस्पेल गाणं आधी घेतलं, हातात पांढरी गिब्सन एसजी. मुलं भिजत टाळ्या देत होती. त्यांनी ही माणसं ज्या रेकॉर्डींतून ऐकली त्यांच्यावर अमेरिकेतल्या वेगळ्या खणांचा शिक्का नव्हता. पण ती बकरी आणि पोती मला खुपतात. थार्प शहरात, क्लबांत, स्टेडियममध्ये वाजवणारी बाई. ब्रिटिश पब्लिकला तिचं प्रेम होतं ते त्यांच्या मनातल्या कापसाच्या शेतासकट. रॉक हॉल ऑफ फेमला ती २०१८ मध्ये आठवली.

फझेश्वर

मंद्रताईंच्या मुद्द्याला हेंड्रिक्स जोडतो. लिटल रिचर्ड, आयस्ली ब्रदर्स यांच्यामागे काळ्या क्लबांत वर्षानुवर्षं साथ केलेला माणूस २४ सप्टेंबर १९६६ ला लंडनला उतरतो, आणि डिसेंबरमध्ये निघालेलं 'हे जो' तिथे सहाव्या क्रमांकावर जातं. तीच रेकॉर्ड मे १९६७ मध्ये अमेरिकेत आली तेव्हा यादीतही नाही. १८ जून १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी महोत्सवात त्याने गिटार जाळली तेव्हा अमेरिकेला तो कळला. त्याच दिवशी दुपारी त्याच स्टेजवर रविशंकर आणि अल्लारखाँ वाजवून गेले होते, आणि वाद्य जाळणं रविशंकरांना अजिबात रुचलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात मंकीज या गोऱ्या पॉप बँडच्या दौऱ्यात पहिला कलाकार म्हणून. समोर त्यांच्या गायक डेव्ही जोन्सच्या नावाने किंचाळणाऱ्या शाळकरी मुली. आठवडाभरात बाहेर. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या बायकांच्या संघटनेच्या तक्रारीमुळे काढला, ही गोष्ट अजून फिरते. ती प्रसिद्धीसाठी रचलेली थाप होती.

खरा दुखरा प्रसंग ५ सप्टेंबर १९६९ चा. वूडस्टॉक महोत्सवानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. हार्लेम, १३९ वा रस्ता, युनायटेड ब्लॉक असोसिएशनच्या मदतीसाठी फुकट मैफल. एक बाटली अँपवर फुटली, अंडी आली, गर्दी पांगत गेली. तो वाजवत राहिला. हार्लेमच्या रेडिओवर त्याचं गाणं लागत नसे, कारण ते 'रॉक' होतं. रॉक स्टेशन हार्लेममध्ये कोण लावणार? त्या रस्त्यावरच्या लोकांनी त्याला नाकारला असं म्हणण्याआधी विचारा, तो त्यांच्यापर्यंत पोचवला कुणी होता? अमेरिकेत टॉप ४० मध्ये त्याचं एकच गाणं गेलं, १९६८ मध्ये, विसावा क्रमांक, आणि ते बॉब डिलनचं.

म्हणून बँड ऑफ जिप्सीज महत्त्वाचा. ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७०, फिलमोर ईस्ट, बेसवर बिली कॉक्स आणि ड्रम्सवर बडी माइल्स. आधीचा ड्रमर मिच मिचेल सतत जागा भरायचा, माइल्स नाही. ठेका जड, मागे रेलणारा, नाचता येईल असा. पुढच्या फंकवाल्यांनी, विशेषतः फंकाडेलिकच्या एडी हेझलने, याच वाटेने १९७१ मध्ये 'मॅगट ब्रेन'वर काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दांडीबहाद्दर

फझेश्वर, हेंड्रिक्सच्या त्या 'मशीन गन' गाण्यातलं गिटारचं रहस्य सांगा, बाकी राजकारण नंतर.

फझेश्वर

क्रम असा: स्ट्रॅट (उजव्या हाताची, उलटी धरलेली, तारा पुन्हा उलट्या लावलेल्या), अर्धा स्वर खाली ई फ्लॅटला, तारा .०१० ते .०३८ म्हणजे पातळ. मग व्हॉक्स वाह, फझ फेस, युनिव्हाइब (हे आवाज बदलणारे पेडल), शेवटी मार्शलचा १०० वॅट अँप. अधूनमधून रॉजर मेयरचा ऑक्टेव्हिया. गिटार उलटी असल्याने ब्रिजचा तिरका पिकअप उलट्या दिशेने तिरका होतो. जाड तारांखाली तो ब्रिजच्या जवळ येतो म्हणून खर्ज कोरडा, बारीक तारांखाली लांब जातो म्हणून वरचे स्वर गोल.

वाह फझच्या आधी लावलात की वाहचा झोका अर्धा होतो किंवा शिटी वाजते, कारण फझ फेसचा इनपुट फार कमी रोधाचा आहे आणि वाहला तो ओढून घेतो. वाहच्या शेवटी छोटा बफर (सिग्नल सांभाळणारं सर्किट) बसवा. मात्र गिटार आणि फझच्या मध्ये नेहमी चालू राहणारा बफर नको, नाहीतर गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जो स्वच्छ काचेसारखा आवाज येतो तो जातो.

फझ फेसमध्ये आहे तरी काय? दोन ट्रान्झिस्टर, चार रोध (३३ किलो, ८.२ किलो, १०० किलो, ४७० ओहम), तीन कपॅसिटर (२.२ आणि २० मायक्रोफॅरड, ०.०१ मायक्रोफॅरड), दोन पॉट. जर्मेनियमचे घेतलेत तर पहिल्याचा गेन ७०-८०, दुसऱ्याचा ११०-१३० च्या आसपास. दुसऱ्याच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट मिळाले पाहिजेत. आपल्या उन्हाळ्यात गळती वाढते, व्होल्टेज सरकतं आणि स्वर शेवटी तुटत-तुटत मरतो. ८.२ किलोच्या जागी २० किलोचा ट्रिमपॉट लावा आणि मे महिन्यात एकदा, डिसेंबरात एकदा मीटर लावून जुळवा.

काळी_पाच

सत्तरीतलं डेट्रॉइट राहिलं. हॅकनी बंधू, बँडचं नाव डेथ. १९७५ मध्ये युनायटेड साउंड स्टुडिओत सात गाणी केली. गाजलेला पंक बँड रॅमोन्स, त्याचा पहिला अल्बम यायच्या आधीचं हे पंक. रेकॉर्ड कंपनीवाल्या क्लाइव्ह डेव्हिसला रस होता, अट एकच, नाव बदला. डेव्हिड हॅकनीने नकार दिला. १९७६ मध्ये स्वतःच ५०० प्रतींची सिंगल छापली. काळ्या रेडिओला ती फार रॉक, रॉकवाल्यांना पोरं फार काळी. अल्बम निघाला २००९ मध्ये, ड्रॅग सिटीकडून. डेव्हिड २००० मध्येच गेला होता.

वॉशिंग्टनचा काळा पंक बँड बॅड ब्रेन्स जरा नशीबवान. 'माइंड पॉवर' नावाने जॅझ फ्यूजन वाजवणारी पोरं, म्हणून वेग वाढवला तरी हात सुटले नाहीत. १९८० ची पहिली सिंगल दीडेक मिनिटाची. शहरातल्या क्लबांनी दारं बंद केल्यावर न्यूयॉर्क गाठलं, आणि १९८२ मध्ये आरओआयआर कंपनीने त्यांना फक्त कॅसेटवर काढलं. त्यांच्यासमोरचं पब्लिक जवळजवळ सगळं गोरं आणि जीव टाकणारं. कारण साधं आहे. हार्डकोरला (या अतिवेगवान पंकला) रेडिओच नव्हता, कॅसेट हातोहात जायची. चाळणी लावायला मध्ये कुणी नव्हतंच.

घाटमाथा

मग सहा_तारा यांच्या सिद्धांताची परीक्षा अमेरिकेबाहेर घ्या. झांबिया. सत्तरीत अध्यक्ष कौंडांनी रेडिओवर ९५ टक्के संगीत देशी हवं असा दंडक घातला. तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात पगार होते, गिटारी होत्या, आणि रॉक वाजवणारेही काळे, ऐकणारेही काळे. विच, अमानाझ, पॉल न्गोझी. विचचा गायक इमॅन्युएल चांडा याचं टोपणनाव जगारी, जॅगरवरूनच आलेलं. तिथे 'काळा माणूस रॉक का वाजवतो' हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. झामरॉक (झांबियाचं हे रॉक) बुडालं ते तांब्याचे भाव कोसळल्यावर आणि पुढे एड्समुळे.

सहा_तारा

हे उदाहरण माझ्याही यादीत नव्हतं पण चपखल आहे. रेडिओने उलट्या बाजूने चाळणी लावली तर काय होतं, त्याचं.

मंद्र

ऐकायला बसणाऱ्यांसाठी सूचना. स्ट्रीमिंगवर बेरी आणि रिचर्डची गाणी शोधली की बरेचदा नंतर पुन्हा रेकॉर्ड केलेल्या आवृत्त्या समोर येतात. बेरीने १९६६ नंतर मर्क्युरीसाठी जुनी गाणी नव्याने केली, रिचर्डने १९६४ च्या सुमारास व्ही-जेसाठी. मुखपृष्ठावर 'गोल्डन हिट्स', 'ग्रेटेस्ट' असलं काही दिसलं की लेबल तपासा. बेरी चेसचा हवा, रिचर्ड स्पेशल्टीचा, बो डिडली चेकरचा. रुंद स्टिरिओ ऐकू आला, ड्रम्स एका कानात आणि गिटार दुसऱ्यात, तर पन्नाशीच्या मध्यातली मूळ सिंगल नाही असं समजा. थार्पची डेका घ्या.

दांडीबहाद्दर

फझ बनवायला घेतोय. बाकीच्या पेडलांच्याच नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालेल ना?

फझेश्वर

जर्मेनियमचे पीएनपी प्रकारचे ट्रान्झिस्टर असतील तर नाही. त्याचा धन टोकाचा ग्राउंड असतो, बाकीच्या पेडलांचा ऋण. एकाच साखळीच्या वायरवर लावलंत तर थेट शॉर्ट, अडॅप्टर जाईल. त्याला वेगळी नऊ व्होल्टची बॅटरी द्या, साधी कार्बन-झिंक चालते, ताण नगण्य आहे. वाजवून झाल्यावर इनपुटची पिन काढून ठेवा, नाहीतर बॅटरी विनाकारण उतरत राहते.